शिवनेरीपलीकडचा जुन्नर तालुका: कुठली जुनी वास्तू आधी जपायची?

ओतूरची_सून
नमस्कार मंडळी. माझं सासर ओतूरच्या बाजूचं, आम्ही राहतो डोंबिवलीत. दिवाळीत गावी गेलो तेव्हा पारावर विषय निघाला की महादेवाच्या जुन्या दगडी देवळाला ऑइल पेंट मारायचा आणि मंडपात टाइल्स बसवायच्या. वर्गणी जमली आहे. देणगी देणारे मुंबईला असतात, गावावर त्यांचा खरंच जीव आहे. देऊळ कुठल्याच सरकारी यादीत नाही. दाराच्या चौकटीवर वेलबुट्टी आहे, उंबऱ्यावर कीर्तिमुख आहे, मागे लिंबाखाली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, आहेत. त्यातला एक आडवा पाडून नळापाशी धुणं आपटायला घेतलाय.

२०१८ साली आपल्या तालुक्याला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, शिवनेरी बाकीच्या अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. अभिमान वाटतोच. पण शिवनेरीकडे आता सगळं जग बघणार. आमच्या महादेवाकडे कोण बघणार?

म्हणून दोन गोष्टी विचारते. किल्ले सोडून जुन्नर तालुक्यात जुन्या वास्तू, जुन्या खुणा कुठल्या कुठल्या आहेत आणि आज त्यांची अवस्था काय? आणि हात घालायचा झाला तर आधी कशाला घालावा?

माळशेजकर
ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. किल्ले सोडून म्हणालात, पण चावंड किल्ल्याच्या वाटेवरचं कुकडेश्वर सोडता येणार नाही. पूर गावातलं हे देऊळ कुकडीच्या उगमापाशी आहे. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांवर बारा शिवमंदिरं बांधली असं परंपरा सांगते, त्यातलं हे एक मानतात. मूळ शिखर आज नाही, पण गर्भगृहाच्या दारापाशी जाऊन उभे राहा. बाहेर रिपरिप पाऊस, आत काळोख, आणि मोबाइलच्या उजेडात चौकटीवरची एकेक आकृती पुढे येते.

दुसरं खिरेश्वरचं नागेश्वर. लोक हरिश्चंद्रगडाला जाताना त्याच्या शेजारून जातात आणि वळूनही बघत नाहीत. पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्यालगत आहे. मंडपात उताणं झोपून छत बघावं असं कोरीव काम आहे.

कोथरूडचे_काका
आमची ठरलेली फेरी म्हणजे ओझर, लेण्याद्री, जेवण आणि परत. पुढच्या वेळी एक मुक्काम वाढवतो. लिहीत राहा.

ब्राह्मी_वाचक
"आधी कशाला हात घालावा" याला माझं उत्तर नाणेघाट. आणि तिथे बांधकाम काहीच करायचं नाही, फक्त माणसांना आवर घालायचा.

घाटमाथ्यावरच्या त्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे. पुढे राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री येते. एके ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती असा हिशेब आहे, आणि हे आकडे अंकांत कोरलेत. भारतातल्या अंकांचा इतिहास लिहिणाऱ्याला या भिंतीपाशी यावंच लागतं. समोरच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी यांच्या मूर्ती होत्या. आज वरची नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय.

सोपारा-कल्याणहून माल यायचा, हा घाट चढून जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा. तोंडाशी जो दगडी रांजण आहे तो जकातीचा, असं सगळे सांगतात.

आता पावसाळ्यातल्या रविवारी काय दिसतं ते लिहितो. उलटा धबधबा बघायला आलेली गर्दी पाऊस चुकवायला गुहेत शिरते. ओले रेनकोट लेखाच्या भिंतीला टेकलेले, डबे उघडलेले, एक मुलगा चावीने अक्षराच्या खाचेतली माती उकरतोय आणि आईबाप कौतुकाने बघताहेत. मी त्याच्याशी बोललो. "हे तुझ्या गणिताच्या पुस्तकातल्या अंकांचे पणजोबा आहेत" म्हटल्यावर चावी खिशात गेली आणि मग त्याने मला भरपूर प्रश्न विचारले. म्हणजे तिथे सांगणारं कुणी असलं तर लोक ऐकतात.

माळशेजकर
+१. नाणेघाटाजवळच्या घाटघरची पोरं यात तयार करता येतील. पावसाळ्यात चहा-मक्याच्या गाड्या लागतातच, त्याच घरांतल्या पोरांना वाटाड्या म्हणून पैसे मिळाले तर गुहा तेच राखतील.

पारावरचा_दादा
सगळं वाचलं. मी लेण्याद्रीच्या पायथ्याचाच. मला थोडं उलटं बोलायचंय, राग मानू नका.

संरक्षित म्हंजे काय ते आम्हाला विचारा. केंद्राच्या यादीतल्या वास्तूपासून १०० मीटरात नवं बांधकाम बंद, त्याच्यापुढं २०० मीटरात परवानगी घेतल्याशिवाय नाही. आमच्या भावकीतल्या एका घराचं छप्पर गळतंय. परवानगीला अर्ज केला, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतोय, दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. असं झालं की म्हातारी माणसं म्हणणारच, नको ती यादी आणि नको तो बोर्ड. ताईंच्या गावानं देऊळ यादीत घालायचं म्हटलं तर अर्धा गाव विरोधात जाईल, हे आधी ध्यानात घ्या.

आणि रंगाचं म्हणाल तर देऊळ पूजेचं आहे. लोकांना देव उजळ दिसावा वाटतो, यात वाईट काय?

चुना_आणि_वीट
दादा, तुमचं पहिलं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. शेजारच्या माणसाला वास्तूचा त्रास झाला की तो तिचा शत्रू होतो, हे जागोजाग बघितलंय. छपराच्या डागडुजीचे अर्ज वेळेत निकाली निघायलाच हवेत. वास्तू टिकवायची तर शेजाऱ्याचं छप्परही टिकवलं पाहिजे.

रंगाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण ताईंना गावात बोलायला ते लागेल.

आपल्याकडचा काळा दगड पावसाळ्यात ओल धरतो आणि उन्हाळ्यात ती सोडून देतो. ऑइल पेंटने ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग पाणी रंगाच्या मागे साचतं, क्षार वर येतात, पापुद्रे सुटतात आणि जाताना दगडाचा वरचा थर घेऊन जातात. मऊ दगड असेल तर देवाचं नाक-डोळे जे जातात ते असेच. उजळायला लावलेल्या रंगानेच मूर्ती झिजते.

दुसरं सिमेंट. आपण ज्यांना हेमाडपंती म्हणतो त्यातली कितीतरी देवळं चुन्याशिवायच उभी आहेत, दगडात खाचा करून एकात एक बसवलेली. त्यांच्या सांध्यांत सिमेंट भरून काही मिळत नाही, उलट पाणी आत अडकतं. जिथे मुळात चुना आहे तिथे चुनाच वापरायचा. कळीचा चुना भिजवून मुरवायचा, त्यात वाळू, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, आणि आपल्याकडचे जुने गवंडी गूळ, बेलफळाचं पाणी घालत. वेळ लागतो, पण हे काम येणारे हात अजून आहेत.

ताई, देणगी परत करू नका. तीच रक्कम अशा कामाला लावा: छतावर माती साचून गवत उगवलं असेल ते काढणं, पाणी भिंतीपासून लांब नेणारी चर, जोत्याभोवती दगडी फरसबंदी. सांध्यात पिंपळ असेल तर उपटू नका, मुळं भिंत घेऊन येतात. बुंध्याशी कापून जाणत्याच्या हातून औषध लावून घ्या. आणि आत चांगला दिवा, ज्याने देव खरंच उजळ दिसेल. देणगीदाराच्या नावाची पाटी बाहेर वेगळ्या खांबावर लावा. त्यांचाही मान राहतो.

पारावरचा_दादा
दिव्याचं आणि पाटीचं पटलं. हे गावात चालंल.

बिबट्याशेजारी
माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, उसात पिल्लं सापडतात, आणि तुम्ही लोक संध्याकाळी लेण्यांत फोटो काढत बसता. तुळजा लेण्यांकडून दिवस मावळायच्या आत खाली या. प्रेमाने सांगतोय, आमच्याकडचे पाहुणे परत गेलेले आम्हाला आवडतात, सगळेच्या सगळे! :)

आणि मानमोडीच्या डोंगरातल्या लेण्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट मारून जाऊ नका, आरडाओरडा नको, धूर तर अजिबात नको.

कोथरूडचे_काका
बापरे. सौभाग्यवतींना हा प्रतिसाद दाखवत नाही.

ब्राह्मी_वाचक
लेण्यांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री या चार डोंगरांत मिळून दोनशेहून जास्त खोदलेली लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी आणखी कुठे सांगा. पण बहुतेकांनी पाहिलेली असते ती फक्त लेण्याद्रीची ७ नंबरची, जिथे गिरिजात्मज आहे. मुळात तो बौद्ध विहार आहे, केवढं मोठं दालन आणि मध्ये एकही खांब नाही, भोवती भिक्खूंच्या खोल्या.

तुळजाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं दालन, गोल आहे, बारा साधे अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखं छत. मानमोडीला अर्धवट राहिलेलं चैत्यगृह आहे, कमानीत गजलक्ष्मी कोरलेली.

आणि देणगीदारांचे लेख! चुना_आणि_वीट यांनी पाटीचा विषय काढला तेव्हा हेच आठवलं. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचं कोरलंय. कल्याणच्या सोनाराच्या मुलाचं नाव आहे. इरिल, चिट, चंद या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं आहेत, एकाने टाकी दिली, एकाने भोजनमंडप, एकाने लेण्याचं दर्शनी काम. नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याचाही लेख मानमोडीत आहे. कोकणातून घाट चढून माल आला, त्या नफ्यातून ही लेणी झाली. ताई, तुमचे मुंबईचे देणगीदार या परंपरेतलेच आहेत, त्यांना हे जरूर सांगा.

सह्याद्री_पोर
लेण्याद्रीला दर्शनाला तिकीट का, हा वाद दर सुट्टीत पायऱ्यांपाशी ऐकू येतो. मला वाटतं तिकीट असावं, पण त्याचा काही भाग पायथ्याच्या गावाला मिळावा. स्वच्छतागृहं, पाणी, कचरा हे सगळं गावच्याच माथी येतं ना.

पारावरचा_दादा
हे बोललास ते लाखमोलाचं.

रेडिओलहरी
माझं मत ऐकून काही जण हसतील, पण तालुक्यातली पुढच्या पाचशे वर्षांची ऐतिहासिक वास्तू खोडदला उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने झालेली रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मधल्या भागात आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या. डिश भरीव पत्र्याच्या नाहीत, जाळीच्या आहेत, म्हणून वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो. २०२० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने तिला मैलाचा दगड म्हणून मान दिला. मोठ्या शहरांचा रेडिओ गोंगाट इथे कमी, म्हणून ही जागा निवडली. विज्ञान दिनाला मुलांना घेऊन जा.

माळशेजकर
हसत कोण नाही हो. नारायणगडावरून त्या डिश दिसतात तेव्हा मी प्रत्येक वेळी थांबतो. पण धाग्याच्या प्रश्नात ती बसत नाही, तिला जपायला पूर्ण संस्था आहे. आपण बोलतोय ते जपायला कुणी नसलेल्या वास्तूंबद्दल.

फडावरची_ढोलकी
मग माझं ऐका. दगडात नसलेली खूणही खूणच. नारायणगाव म्हणजे तमाशापंढरी. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रेचे कारभारी सुपारी द्यायला येतात. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं गाव हे. राहुट्या चार दिवसांत उठतात, पण ती जागा, तो रिवाज तालुक्याच्या नकाशावर असायलाच हवा. शिवनेरीला येणाऱ्या सहलीतल्या एकाही मुलाला हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

ओतूरची_सून
ढोलकीदादा, अगदी मनातलं. तसंच आमच्या ओतूरचं कपर्दिकेश्वर. श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी उभ्या करतात, बघत राहावं असं. तिथेच तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. जिथे रिवाज जिवंत आहे तिथे वास्तूला माणसं असतात, हे या धाग्यातून मला नव्याने दिसायला लागलंय.

हिस्टरी_मास्तर
जुन्नर शहराचं कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. निजामशाही अखेरच्या काळात मलिक अंबरने राजधानी काही वर्षं जुन्नरला आणली होती. हापूसबागेत सौदागर घुमट आहे, चौकोनी, भक्कम, वर मोठा घुमट, आत थडगी. शेतातून जाणारी वाट आहे. शहरातली मुलंही तिथे गेलेली नसतात. शिवजन्माच्या आधीचं आणि त्या काळातलं जुन्नर कसं गजबजलेलं होतं, ते कळायला अशाच वास्तू लागतात. १६५७ ला शिवरायांनी जुन्नरवर छापा घातला तो या श्रीमंत शहरावर. वर्गातल्या मुलांना तिथे नेलं की पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

किल्ले सोडून म्हणालात तरी एक सांगतो. हडसर, चावंड, जीवधन यांच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ नंतर सुरुंगाने उडवल्या. चावंड चढताना तुटक्या कातळाशी रेलिंग धरावं लागतं, तो त्याचाच परिणाम. मुलांना मी तिथेच थांबवतो आणि विचारतो, जिंकलेल्या किल्ल्याची वाट कुणी का मोडली असेल?

गोधडी
वीरगळांबद्दल कुणी बोललंच नाही! ताईंच्या पोस्टमधलं ते धुण्याच्या दगडाचं वाचून जीव कळवळला. निमगिरीच्या पायथ्याला कितीतरी वीरगळ आहेत, एकदा जरूर बघा.

ज्यांना वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी: खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत लढाई, कधी गाई दिसतात, म्हणजे तो गाई सोडवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. नाव बहुधा कोरलेलं नसतं. काटकोनात वाकलेला बांगड्यांचा हात दिसला तर तो सतीचा दगड.

गावाला एवढं सांगितलं तरी पुरतं की हा तुमच्याच गावातला, गावासाठी मेलेला माणूस आहे. त्याच्यावर मग कुणी धुणं आपटत नाही.

चुना_आणि_वीट
गोधडी, सुंदर लिहिलंत. फक्त हलवताना जपा. वीरगळ उभा करताना बुडाशी सिमेंटचा चौथरा घालू नका. खड्डा, दगडगोटे, मुरूम, धुम्मस, बस. पहार थेट दगडाला लावू नका, मध्ये पोतं ठेवा. आणि जागेवरून हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात. दुपारी काढला तर काहीच दिसत नाही.

सह्याद्री_पोर
शेंदूर लावलेले असतील तर? आमच्याकडे एक वीरगळ म्हसोबा झालाय.

गोधडी
शेंदराचा असेल तर राहू द्या. त्याला रोज कुणीतरी हात जोडतंय, त्याच्याइतका सुरक्षित दगड दुसरा नाही.

ओतूरची_सून
धागा वर काढते, कारण सांगण्यासारखं आहे.

गेल्या आठवड्यात गावात बैठक झाली. ह्यांनी पारावरच्या दादांचे आणि चुना_आणि_वीट ताईंचे प्रतिसाद मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवले. आधी गोंधळ झालाच. एक आजोबा म्हणाले, "शेजारच्या गावाचं देऊळ कसं निळं-गुलाबी झळकतंय, आपलं काळंच ठेवायचं का?" तेव्हा देणगीदारांपैकी एक जण फोनवर होते, त्यांना श्रेणीच्या दानाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, माझं नाव टाइलवर नको, पाण्याच्या चरीवर चालेल. रंग रद्द झाला. टाइल्सवर अजून एकमत नाही, मंडपात बसायला थंड पडतं म्हणून बायकांना हव्यात. त्यांचंही खरं आहे, तिथे सतरंज्या द्यायचं सुचवलंय.

आणि धुण्याचा दगड उलटा केला. खालच्या बाजूला लढाई, गाई, चंद्र-सूर्य सगळं शाबूत. वरची, म्हणजे आपटायची बाजू वीरगळाची पाठ होती, म्हणून वाचला. ज्या वहिनी तिथे धुणं धुवायच्या त्यांनीच तो आधी पाण्याने घासून स्वच्छ केला आणि हळदकुंकू वाहिलं. आता धुण्यासाठी नवा दगड आणून द्यायचाय, ती जबाबदारी आमच्या घराने घेतली.

पारावरचा_दादा
लई भारी काम केलंत. नवा दगड आमच्याकडून. खाणीवाला ओळखीचा आहे.

हिस्टरी_मास्तर
मग मूळ प्रश्नाकडे येऊ या. आधी कशाला हात घालावा? नाणेघाट, लेणी, शिवनेरी यांना निदान कायदा आहे. माझ्या मते पहिला नंबर यादीत नसलेल्यांचा: गावची देवळं, बारवा, वीरगळ, जुने वाडे. ती एका वर्गणीत, एका रविवारी जाऊ शकतात.

ब्राह्मी_वाचक
नाणेघाटाचा हट्ट मी सोडत नाही, चावीवाला मुलगा मी पाहिलाय. पण दोन्ही कामं बरोबर चालू शकतात. पावसाळ्यातल्या रविवारी गुहेपाशी उभं राहून लेख समजावून सांगायला मी तयार आहे. अजून कोण येतंय?

सह्याद्री_पोर
मी. जुन्नरहून घाटघरला एसटी कमी आहेत, माझ्या गाडीत चार जागा.

माळशेजकर
मीही. घाटघरच्या दोन पोरांशी बोलून ठेवतो, त्यांना सोबत उभं करू.

गोधडी
आणि इथे प्रत्येकाने आपापल्या गावचं टाका. गावाचं नाव, वास्तू कुठे आहे, कुणाच्या जागेत आहे, आज वापर काय, आणि तिरप्या उन्हातला फोटो. पण एकांतातली, दाराला कुलूप नसलेली मूर्ती असेल तर नेमकी जागा उघड लिहू नका, चोऱ्या होतात. ती मला व्यक्तिगत संदेशाने कळवा, मी वेगळी नोंद ठेवते. सुरुवात ताईंच्या वीरगळाने करू या का?

ओतूरची_सून
करू या. फोटो रविवारी सकाळी काढून टाकते.